पाहुणे पक्षी आणि घरचे बगळे

पक्षीप्रेम हे अलीकडे आमच्या सुशिक्षित वर्गाचे एक भूषण होऊन बसले आहे. थंडीचे दिवस आले की कपाटांतून दुर्बिणी बाहेर निघतात, लांबलचक भिंगांचे कॅमेरे खांद्यावर चढतात, आणि ठाण्याच्या खाडीपासून भिगवणच्या जलाशयापर्यंत मोटारींची रीघ लागते. मुंबईहून मांडव्यास येणाऱ्या बोटींवर कुरव पक्ष्यांस शेव-गाठ्या भरविणारी कुटुंबे पाहिली म्हणजे भूतदयेला या देशात पुन्हा बहर आला की काय, असा भास व्हावा. या उत्साहाची टवाळी करावी असा आमचा मुळीच हेतू नाही. ज्या समाजाने आकाशाकडे पाहणे सोडले, त्यास पुन्हा मान वर करावयास कोणी शिकवीत असेल तर ते इष्टच आहे. पण या प्रेमाची जरा झडती घेतली तर एक चमत्कारिक गोष्ट नजरेस येते. हे प्रेम पाहुण्यांपुरते आहे. जो पक्षी उत्तरेकडून शेकडो कोस उडत येतो, चार महिने राहतो आणि उन्हाळा लागताच निघून जातो, त्याच्या स्वागतास आम्ही सहकुटुंब हजर. आणि जो आमच्याच दारच्या चिंचेवर भर पावसात काटक्या रचून पिले वाढवितो, त्याच्या वाट्यास मात्र फटाके, दगड आणि कुऱ्हाड! पाहुण्यास पाट आणि घरच्यास उंबरठ्याबाहेरची जागा, असा हा न्याय आहे; आणि त्याचा निषेध करण्यासाठीच आम्ही आज लेखणी हाती घेतली आहे.

उदाहरण रोहित पक्ष्यांचेच घ्या. त्यांच्यासाठी ठाण्याच्या खाडीत २०१५ साली अभयारण्य झाले, आणि २०२२ साली त्या खाडीचा समावेश रामसर कराराच्या यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, झाला. हे उत्तमच झाले. परंतु हा पक्षी येथे येतो तो चारापाण्यासाठी. त्याची अंडी, त्याची पिले, त्याचा सारा संसार कच्छच्या रणात. आम्ही जपतो ती त्याची भोजनशाळा. ज्यांची सूतिकागृहे आमच्या गावांत आहेत, त्या बगळ्यांस, ढोकऱ्यांस, रातबगळ्यांस आणि पाणकावळ्यांस मात्र कोणी विचारीत नाही. त्यांच्या अंगावर गुलाबी रंग नाही, आणि त्यांचा हंगाम सहलीचा नाही, एवढाच काय तो त्यांचा अपराध.

हा हंगामाचा मुद्दा या साऱ्या वादाचे मूळ आहे. म्हणून तो नीट ध्यानात घेतला पाहिजे. कोकणात या पक्ष्यांची वीण मृगाच्या पावसाबरोबर सुरू होते आणि भाद्रपद-आश्विनापर्यंत चालते. कालिदासास हे ठाऊक होते. मेघदूतातील बलाका आकाशात माळ धरून मेघाच्या भेटीस निघतात त्या गर्भाधानाच्या ओढीने. कवीच्या या कल्पनेमागे निरीक्षण आहे. पाऊस पडला की भाताची खाचरे भरतात, बेडूक, मासोळ्या आणि किडे यांची समृद्धी होते, आणि पिलांच्या अखंड उघड्या चोचींत घालावयास आईबापांस काहीतरी मिळते. अंडी उबविण्यास तीन-साडेतीन आठवडे, आणि त्यानंतर पिलास उडता येईपर्यंत आणखी पाच-सहा आठवडे लागतात. सारी जोडपी एकाच दिवशी घरटे बांधीत नाहीत. तेव्हा एका वसाहतीस सुमारे तीन-चार महिने निर्वेध मिळाले पाहिजेत. अशा वसाहतीस मारुती चितमपल्ली यांनी ‘सारंगागार’ असा सुंदर शब्द मराठीत रूढ केला. शब्द आम्ही घेतला. वस्तू राखण्याचे मात्र विसरलो.

आता ही वसाहत पक्षी कोठे वसवितो? शक्य तर जेथे चोहोकडे पाणी आणि मध्ये झाड आहे, अशा ठिकाणी. याचे कारण मुरुडच्या रहिवाशांस समजावून सांगण्यासाठी पांडित्याची गरज नाही. ‘जंजिरा’ हे नावच मुळी अरबी ‘जझीरा’, म्हणजे बेट, या शब्दावरून आलेले. राजपुरीच्या खाडीच्या मुखाशी असलेला तो किल्ला मराठ्यांस अखेरपर्यंत घेता आला नाही. शिवछत्रपतींनी त्यास शह देण्यासाठी कांसा बेटावर पद्मदुर्ग उभारला. संभाजी महाराजांनी तर किनाऱ्यापासून किल्ल्यापर्यंत समुद्रात भराव घालण्याचा यत्न केला. किल्ल्याच्या तटांचे आणि तोफांचे वर्णन सर्वजण करितात. पण त्याचे खरे बळ भोवतालच्या पाण्यात होते. बगळ्याची राजनीती याहून निराळी नाही. मांजर, मुंगूस, कोल्हा, कुत्रा आणि माणूस या सर्वांस अडविणारा खंदक त्यास हवा असतो. तळे आटले, किंवा कोणी भराव घालून वाट केली, की बेटाचे बेटपण संपले आणि किल्ला पडला. म्हणून पाणपक्ष्यांच्या अभयारण्यात पहिली राखण करावयाची ती पाण्याच्या पातळीची. कुंपण आणि फलक यांची पाळी त्यानंतर.

ज्यांनी हे ओळखले त्यांस यश आले. श्रीरंगपट्टणाजवळ कावेरीच्या पात्रात रंगनथिट्टूची बेटे आहेत. सतराव्या शतकात नदीवर घातलेल्या बंधाऱ्यामुळे ती निर्माण झाली. तेथे पक्षी वीण करितात हे डॉ. सलीम अली यांनी पाहिले आणि १९४० साली म्हैसूर दरबाराकडून त्या बेटांस अभय मिळवून दिले. हेच सलीम अली त्यापूर्वी, १९३० साली, आमच्या या रायगड जिल्ह्यातील किहीम येथे सुगरणीच्या घरट्यांचा अभ्यास करीत बसले होते, हे येथील वाचकांनी विसरू नये. तामिळ मुलुखातील वेदान्तंगळची कथा तर याहून जुनी आहे. तेथील शेतकरी आपल्या तळ्यातील झाडांवर वीण करणाऱ्या पक्ष्यांस पिढ्यान्‌पिढ्या जपत आले. कारण विष्ठेने कसदार झालेले ते पाणी शेतास मिळाले की पीक जोमाने येते, हे त्यांस अनुभवाने कळले होते. गोरे शिपाई बंदुका घेऊन येऊ लागले तेव्हा त्यांनी सरकारात दाद मागितली, आणि १७९८ साली चेंगलपट्टूचे कलेक्टर लायनेल प्लेस यांनी त्या पक्ष्यांस अभय देणारा लेख करून दिला. सागरापलीकडे कॅलिफोर्नियात ओकलंड शहराच्या मध्यावरील मेरिट सरोवरास १८७० साली असेच अभय मिळाले, आणि पुढे पक्ष्यांसाठी त्या सरोवरात मुद्दाम मातीची बेटे घालण्यात आली. आमच्या महाराष्ट्रातही पैठणच्या नाथसागरात अशी लहानमोठी बेटे आहेत, आणि तो जलाशय १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. देश निराळे, काळ निराळे. पण तत्त्व एकच. पक्ष्यास पाणी, झाड आणि एकांत द्यावा. बाकीचे तो पाहून घेतो.

परंतु एकांत ही वस्तू आमच्या सार्वजनिक कारभाराच्या कोशात नाही. तेथे तिच्या जागी ‘सुशोभीकरण’ हा शब्द आहे. तळे दिसले की त्यास फरशीचा काठ करावा, काठावर रंगीत दिवे लावावे, मध्ये कारंजे उडवावे, बेट असेल तर त्यावर हिरवळ आणि बाके घालावी, होड्या सोडाव्या, आणि प्रवेशद्वारावर सिमेंटचा एक मोठा बगळा बसवून त्या सर्वास पक्षी-उद्यान म्हणावे, ही त्याची ठराविक रीत. अशा उद्यानात एकच उणीव राहते. ती म्हणजे पक्षी. जो प्राणी पाण्याचा खंदक पाहून घर करितो, त्याच्या खंदकातच आपण नौकाविहार सुरू करितो! जो अंधारात पिलांस उबेस घेऊन बसतो, त्याच्या डोळ्यांवर दिवे सोडतो! आणि मग पक्षी येईनासे झाले की हवामान बदलले असे म्हणून मोकळे होतो. आमचे म्हणणे असे की पाणपक्ष्यांच्या आश्रयस्थानाचे यश तिकिटांच्या विक्रीवर मोजू नये. घरट्यांच्या संख्येवर आणि उडून गेलेल्या पिलांवर मोजावे. या कसोटीस उतरत नाही ते उद्यान असेल, आश्रयस्थान नव्हे.

आता मुरुडकडे वळू. या तालुक्यास फणसाडचे अभयारण्य लाभले आहे. ते पूर्वी जंजिऱ्याच्या नवाबांचे शिकारीचे रान. धन्याच्या बंदुकीसाठी राखले गेले म्हणूनच ते कुऱ्हाडीपासून वाचले, आणि १९८६ साली त्याचे अभयारण्य झाले. तेथील शेकरू, तेथील बिबट्या, रानात ‘गाण’ म्हणून ओळखले जाणारे पाणवठे, हे सर्व जिल्ह्याचे वैभव होय. पण फणसाडचा नकाशा पुढे करून ‘पक्ष्यांची सोय झालीच आहे’ असे कोणी म्हणेल तर ते आम्हांस मान्य नाही. बगळा शिकारीच्या रानाची हद्द पाहून घर करीत नाही. त्यास खाचर, खाजण, खाडी आणि गावतळे जवळ हवे; म्हणून त्याची वसाहत बहुधा माणसाच्या वस्तीला लागूनच होते. इंदापुरास तर चित्रबलाकांनी तहसील कचेरीच्या आवारातील चिंचांवर संसार मांडला. तेव्हा मुरुडपासून राजपुरी-आगरदांड्यापर्यंतच्या पट्ट्यात पाणपक्ष्यांच्या विणीस जागा राहील की नाही, हे फणसाडच्या फाटकाशी ठरणार नसून गावातल्या वडाचिंचांच्या बुंध्याशी ठरणार आहे.

कायदा काय म्हणतो? वन्यजीव संरक्षणाच्या १९७२ च्या कायद्यात ‘शिकार’ या शब्दाची व्याख्याच अशी आहे की तीत पक्ष्यांची अंडी फोडणे आणि घरटी विसकटणे यांचाही अंतर्भाव होतो. म्हणजे ज्या झाडावर पिले आहेत ते झाड पाडणारा मनुष्य कायद्याच्या दृष्टीने शिकारीच्या आरोपास पात्र ठरतो. कांदळवनांसही उच्च न्यायालयाच्या निर्णयांमुळे बरेच रक्षण मिळाले आहे. परंतु एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घ्यावे, तसा प्रकार पाणथळ जागांविषयीच्या २०१७ च्या नियमांत झाला आहे. त्या नियमांनी भाताची शेते, पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेली तळी, आणि मीठ, मत्स्यपालन, मनोरंजन व सिंचन यांसाठी केलेली जलस्थाने ‘पाणथळ’ या व्याख्येतूनच वगळली. आता कोकणातून खाचरे, गावतळी आणि मिठागरे वजा केल्यावर बगळ्यास काय उरते, हे व्याख्या करणाऱ्यांनीच सांगावे. वर वर्णिलेले वेदान्तंगळचे तळेही सिंचनाचेच. ते आज नव्याने बांधले असते तर या व्याख्येच्या आधारे त्यास कवडीचेही अभय मिळाले नसते! माणसाने बांधलेले पाणी ते खरे पाणी नव्हे, हे तत्त्व बगळ्यास कोणी शिकविलेले नाही.

आणि हा प्रश्न उद्यावर टाकण्याजोगा नाही. रेवसपासून रेड्डीपर्यंतचा सागरी महामार्ग या किनाऱ्यावरून जावयाचा आहे. रस्ता येऊ नये असे आम्ही म्हणत नाही; आजारी माणसास अलिबागेस वा मुंबईस नेताना खाड्या आणि वळणे किती महाग पडतात, हे येथील लोकांस कोणी सांगावयास नको. पण रस्ता कसा येतो याचे एक उदाहरण समोर आहे. केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात १ सप्टेंबर २०२२ रोजी राष्ट्रीय महामार्ग ६६ च्या रुंदीकरणासाठी एक मोठे झाड यंत्राने आडवे करण्यात आले. झाड घरट्यांनी भरलेले होते. मोठे पक्षी उडाले. पिले फांद्यांसह रस्त्यावर आपटली आणि पुष्कळ मेली. देशभर हळहळ झाली, गुन्हाही नोंदला गेला. पण मेलेली पिले काही उठली नाहीत. तो महामार्ग ६६ म्हणजे पनवेलीहून निघून आमच्याच जिल्ह्यातून दक्षिणेस जाणारा रस्ता होय. केरळात घडले ते कोकणात घडणार नाही, याची हमी कोणत्या कागदावर आहे? काम दोन महिने पुढे ढकलले असते तर त्या झाडावर एकही पिलू राहिले नसते. प्रश्न रस्त्याचा नव्हता, पंचांगाचा होता.

यावर जे आक्षेप घेतले जातात त्यांचा विचार करणे प्राप्त आहे. पहिला आक्षेप असा की, बगळे काही दुर्मिळ नाहीत. उकिरड्यावर पाहावे तिकडे तेच. आम्ही विचारतो, दुर्मिळ होईपर्यंत वाट पाहावी असे कोणत्या शास्त्रात लिहिले आहे? गिधाडेही एके काळी पाहावी तिकडे होती. त्यांस जपावे असे म्हणणाऱ्यास लोक हसले असते. गुरांना देण्यात येणाऱ्या डायक्लोफेनॅक या औषधाने १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या शेकडा ९९ हून अधिक घटली. गुरांसाठी त्या औषधावर बंदी आली ती २००६ साली. आज याच रायगड जिल्ह्यात उरलेल्या गिधाडांस वाचविण्यासाठी माणसांस जिवाचे रान करावे लागत आहे. विपुलता हे संरक्षणाविरुद्धचे कारण नव्हे. संरक्षण स्वस्तात होण्याची ती वेळ होय. बगळ्यावरही हा प्रसंग एकदा येऊन गेला आहे. विणीच्या दिवसांत त्याच्या पाठीवर जी नाजूक पिसे फुटतात, ती युरोपातील स्त्रियांच्या टोप्यांसाठी सोन्याच्या मोलाने विकली जात; म्हणून त्यास घरट्यावरच गाठून मारीत. हिंदुस्थान सरकारने पिसांच्या निर्यातीस बंदी घातली ती १९०२ साली. टोपीची हौस गेली; आता मोटारीच्या टपावर डाग पडू नये ही हौस आली आहे.

दुसरा आक्षेप घाणीचा. झाडाखाली विष्ठा पडते, माशांचे तुकडे पडतात, दुर्गंधी सुटते. हे सर्व खरे आहे. ज्याच्या अंगणात झाड आहे त्याच्या त्रासाकडे दुर्लक्ष करून त्यास भूतदयेचे व्याख्यान देणे हा दांभिकपणा होईल. बकध्यानाचा आरोप आपण बगळ्यावर करितो, पण खरे बकध्यान ते हेच. यावर उपाय आहे. कर्नाटकातील कोक्करेबेल्लूर गावी करकोचे आणि पाणकोळी लोकांच्या मालकीच्या चिंचांवर घरटी करितात. पक्ष्यांमुळे चिंचेचे उत्पन्न बुडते म्हणून तेथील वनखाते झाडाच्या धन्यास भरपाई देते. पक्षी सर्वांचा आणि घाण एकट्याची, हा व्यवहार टिकणारा नाही. सर्वांचा आनंद असेल तर खर्चही सर्वांचा असला पाहिजे.

तिसरा आक्षेप असा की, झाड तोडले तरी पक्षी दुसरीकडे जातील. मोठे जातील, अंडे जाईल काय? पंख न फुटलेले पिलू जाईल काय? हा आक्षेप घेणाऱ्या गृहस्थाचे घर भर श्रावणात, तान्हे मूल आत असता, पाडले आणि ‘दुसरीकडे जा’ असे त्यास सांगितले, तर तो हाच युक्तिवाद मान्य करील काय? ज्यास स्वतःच्या बाबतीत जे अन्याय्य वाटते ते त्याने दुसऱ्याच्या बाबतीत न्याय्य मानू नये, इतकेच आमचे मागणे आहे.

राहता राहिला पर्यटनाचा आक्षेप. मुरुडचे पुष्कळसे पोट पाहुण्यांवर चालते. तेव्हा पक्ष्यांच्या नावाने धंद्यावर गदा येईल अशी भीती घातली जाते. ती निराधार आहे. पावसाळा लागला की समुद्र खवळतो आणि राजपुरीहून जंजिऱ्यास जाणाऱ्या शिडाच्या होड्या बंद होतात. किल्लाही पाहुण्यांस बंद असतो. नेमके तेच महिने पक्ष्यांच्या विणीचे. म्हणजे निसर्गानेच वर्षाची वाटणी करून ठेविली आहे: आठ महिने पाहुण्यांचे, चार महिने घरच्यांचे. ही वाटणी आपण कागदावर उतरवावी, यापलीकडे काही करावयाचे नाही.

म्हणून आमच्या मागण्या थोड्या आणि स्पष्ट आहेत. नगरहद्दीतील झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे, बाहेरच्या झाडांसाठी १९६४ चा आहे. या दोन्ही कायद्यांखाली वृक्षतोडीची अथवा फांद्या छाटण्याची परवानगी देताना, जीवितास तातडीचा धोका नसेल तर, जूनपासून ऑक्टोबरपर्यंत घरटी असलेल्या झाडास हात लावता येणार नाही, अशी अट मुरुडच्या नगरपरिषदेने आणि महसूलखात्याने घालावी. महामार्गाच्या कंत्राटातही तीच अट असावी. प्रत्येक ग्रामपंचायतीने आपल्या हद्दीतील वसाहतींची झाडे दर पावसाळ्यात मोजून त्यांची नोंद ठेवावी. या कामास शाळा-महाविद्यालयांतील विद्यार्थी आनंदाने येतील, आणि पुस्तकात न मिळणारे काही शिकतील. झाडाच्या धन्यास भरपाई मिळावी. आणि ज्या तळ्यात बेट आहे त्या बेटावर विणीच्या दिवसांत माणूस, होडी आणि दिवा यांतील काहीही जाऊ नये. यात मोठा खर्च नाही, नवे खाते नाही, उद्घाटनाचा समारंभही नाही. आणि कदाचित म्हणूनच ते आजवर कोणास सुचले नसावे.

आमच्या वाचकांस शेवटची विनंती. संध्याकाळी बगळ्यांची रांग घराकडे परतू लागली की कोकणातली मुले नखावर नख घासून त्यांच्याकडे फूल मागतात. नखावर पांढरा ठिपका उमटला की बगळ्याने फूल दिले, अशी त्यांची समजूत असते. ही समजूत वडीलधाऱ्यांनी मुलांस दिली, ती पिढ्यान्‌पिढ्या चालली, आणि तीत काही गैर नाही. परंतु ज्याच्याकडे आपण मुलांस मागावयास शिकवितो, त्याच्या मुलांस आपण काय देतो, याचा हिशेब येत्या आषाढापूर्वी प्रत्येक कुटुंबाने करावा. अंगणातील झाडाच्या फांद्या छाटावयास माणूस बोलावण्याआधी एकदा वर पाहावे. घरटे दिसले तर त्या माणसास दिवाळीनंतरचा वायदा द्यावा. एवढे ज्यास जमेल, त्याने थंडीत खुशाल दुर्बीण घेऊन रोहित पक्षी पाहावयास जावे. त्याच्या पक्षीप्रेमाविषयी आम्ही शंका घेणार नाही.